वर रेशीम, पोटात सुती

परतूर
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. विहीणबाई कल्याणीताई यांना,
उषाचा स. न. वि. वि.

पत्र बघून नवल वाटेल. परवा राजनंदिनीच्या बाळंतपणाचं बोलता बोलता आपला फोन कट झाला. तुमच्याकडून झाला का आमच्याकडून, त्यात मला जायचं न्हाई. रेंज दोन्हीकडं सारखीच खराब आहे. पण फोनवर शब्दाला शब्द लागतो. कागदावर निदान खोडता येतं. म्हणून ठरवलं, इथून पुढं जे बोलायचं ते लिहून. आमचा सोमेश्वर रोज गाडीनं जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत जातोच, त्याच्या डब्याच्या पिशवीत पत्र टाकते. तो म्हणतो, पोस्टमनला निदान गणवेश तरी असतो. मी म्हटलं, बहिणीपायी एवढं कर.

तर मुद्दा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत मी काढलेली न्हाई. तुमच्या शौनकरावांनी न् आमच्या राजनंदिनीनं लग्न आपल्या मर्जीनं जमवलं, आम्ही म्हटलं बराबर आहे, शिकलेली लेकरं आहेत. आता बाळंतपण तरी आमच्या मर्जीनं होऊ द्या. सातवा चालू आहे, डोहाळजेवण झालं की तिला परतूरला पाठवा. खोलीला चुना देऊन ठेवला आहे. आमचे हे तर आत्ताच बाजेची नवी सुंभं आवळून राह्यले.

दुसरं, बाळाची गोधडी. आमच्याकडं बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत न्हाईत. दोन्ही घरच्या जुन्या कापडाची गोधडी शिवतात, एका घरचं पोटात, दुसऱ्या घरचं वर. माझ्या सासूबाईंची दोन सुती लुगडी धुऊन धुऊन लोण्यासारखी झाली आहेत, ती मी पोटात घालते. वरच्या तुकड्यांना तुमच्या घरचं जुनं सुती पाठवा. सुतीच. चमकणारं, सुळसुळणारं बिलकुल नको. बाळाला निजायचं आहे, कुणाच्या वरातीत जायचं न्हाई.

जगन्नाथरावांना नमस्कार. लोभ आहेच, असं धरून चालते.

आपली,
उषा


मस्तगड, जालना
१६ नोव्हेंबर २०२४

सौ. उषाताई यांना,
कल्याणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपलं पत्र मिळालं. अक्षर फार सुरेख आहे. फोनवर ते कळत नाही.

फोन मी ठेवला नव्हता. हातातून निसटला. निसटताना बोट लाल बटणावर पडलं, हा योगायोग.

गोधडीची कल्पना मला मनापासून आवडली. गेल्या चैत्रापासून मी क्विल्टच्या वर्गाला जाते, हे नंदिनीनं सांगितलं असेलच. असते ती गोधडीच, पण तिथे तिला क्विल्ट म्हणायचं, कारण फी त्या नावाची असते. आमच्या वर्गाच्या बाई सांगतात, नुसत्या सुती गोधडीला जीव नसतो. सुताच्या शेजारी रेशीम ठेवलं की दोघांचं रूप उजळतं. सुती कापड उजेड पिऊन टाकतं आणि रेशीम तो परत देतं. तेव्हा सुती पोटात असू द्या, वरती मात्र मऊ रेशमी हवं. आमच्या नातवंडाची गोधडी म्हणजे धान्यावर झाकायचं फडकं नव्हे.

सोबतच्या गाठोड्यात माझा सटीनचा एक परकर आहे, शिफॉनची ओढणी, क्रेपचा एक कुर्ता, ह्यांचा साठीच्या समारंभातला सिल्कचा झब्बा, आणि एक जांभळी साडी. साडी कुणीतरी आहेरात दिलेली, कोणी ते आता आठवत नाही. घडी मोडलेली नाही, पण घरात दोन वर्षं पडून आहे, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणे जुनीच झाली.

बाळंतपणाचं डॉक्टर ठरवतील. परतूरला काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, आणि परतूरहून तो रेल्वेच्या वेळापत्रकाच्या अंतरावर.

एक लहानशी गोष्ट मनात आहे ती लिहिते. दोन वर्षांत आपण आमच्या घरी दोनदा आलात आणि दोन्ही वेळा स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आलात. चहाला नाही म्हणालात, जेवणाला उपास निघाला. आमच्याकडे फिल्टर आहे. दर सहा महिन्यांनी तो साफही होतो. लग्न आपल्या मनाजोगं झालं नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यात पाण्याचा काय दोष?

कारभारीरावांना नमस्कार. लोभ कमी झाला असल्यास तसं कळवावं, म्हणजे इकडून थोडा पाठवता येईल.

आपली,
कल्याणी


परतूर
२४ नोव्हेंबर २०२४

सौ. कल्याणीताईंना,
उषाचा स. न. वि. वि.

गाठोडं पोचलं. सोमेश्वर म्हणाला, गाडीच्या डब्यात शेजारच्या बाईनं विचारलं, लग्नाला निघालात का.

एकेक कापड मांडीवर घेऊन बघितलं. तुमची शिफॉनची ओढणी चुगलखोर आहे, खाली काय आहे ते सगळं वरून सांगते. तिच्या पोटातला दोरा न् दोरा दिसायला लागला. क्रेप धरून ओढला की हातभर लांबतो न् सोडला की आक्रसतो, आमच्या धाकट्या दिरासारखा. मापाचा काय भरवसा? सटीनमध्ये सुई जिथून गेली तिथं भोक तसंच राहतं, अंगावर देवी आलेल्या माणसागत दिसतं, आणि दोरा घालायला घ्यावं तर परकर मांडीवरून सरकून जमिनीवर. दोनदा उचलला. तिसऱ्यांदा मांजर येऊन बसलं त्यावर, तेही सरकलं. झब्बा मात्र चांगला आहे. वापरलेला आहे, घाम खाऊन मऊ झालेला आहे. जगन्नाथरावांनी एकाच समारंभात एवढा घाम कसा काढला कोण जाणे, पण झब्बा घेते.

राहिली साडी. रंग सुटतो का ते बघायला मी काठाकडचा वीतभर तुकडा कापून सोडा घातलेल्या खळखळ उकळत्या पाण्यात टाकला. आमची लुगडी दर दिवाळीला त्यातून निघतात, त्यांना काय होत न्हाई. तुमचा तुकडा पापडासारखा वाळून आला, चमक गेली, लांबी गेली. मंग म्हटलं, एवढ्या नाजूक जिवाचा माझ्या हाताला उपयोग न्हाई.

पण साडीची निवड चांगली. देणाऱ्या बाईला नजर होती म्हणायची. कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलं दिसलं. आहेर देताना असं बोट आमच्याकडं लावतात. म्हणजे देणारी आमच्याच बाजूची कुणीतरी असेल. दोनच वर्षांपूर्वी दिलेली, न् तुम्हाला आठवत न्हाई, त्या अर्थी नात्यानं फारच लांबची असेल.

साडी, तो पापड न् झब्बा परत पाठवते. वरचा भाग तुम्हीच जोडा, तुमच्या बाईंच्या देखरेखीखाली. पोट मी भरते. डोहाळजेवणाला येतेच, आमच्या पुष्पावन्संनाही घेऊन येते. आमच्या घरात नणंदेला घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला की वर्षभर ऐकावं लागतं.

पाण्याचं म्हणाल तर ती गोष्ट वेगळी आहे. समोर आल्यावर बघू.

लोभ ठेवा. घडी मोडून ठेवला तर जास्त बरं.

आपली,
उषा


मस्तगड, जालना
६ डिसेंबर २०२४

सौ. उषाताई यांना,
कल्याणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपलं मागचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. कुंकवाच्या बोटापर्यंत आले आणि ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते दुपारच्या जेवणालाच खाली घेतलं. साडी तुमची होती. आमच्या मुलाच्या लग्नात विहिणीचा मान म्हणून तुम्ही ती माझ्या हातात दिली होती, आणि मी ती तशीच कपाटात टाकली. आहेराची साडी उघडायची नसते, पुढे पाठवायची असते, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. मी फार आज्ञाधारक सून होते. कोणत्या शब्दांत माफी मागावी याचा विचार करत चार कागद फाडले.

आणि मग डोहाळजेवण झालं.

तुम्ही आत नंदिनीला फुलांचे दागिने घालत होता, तेव्हा बाहेर जे घडलं ते आपल्या कानावर आलं नसेल, म्हणून कळवणं माझं कर्तव्य. बायका मी जोडलेला गोधडीचा वरचा भाग बघत होत्या. तुमच्या नणंदबाई पुष्पाबाईंनी जांभळा तुकडा बोटांत धरला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही तर त्यांनी तुमच्या घरभरणीला तुम्हाला दिलेली साडी. एवढ्यावर थांबल्या असत्या तर एकटी मीच हसले असते. पण त्या पुढे म्हणाल्या की त्यांना ती भुजंगमामांच्या घरून मिळाली होती आणि रंग म्हातारीचा वाटला म्हणून त्यांनी तुम्हाला दिली.

मी चष्मा लावून कोपरा पाहिला. तुम्ही लिहिलंत कुंकवाचं बोट एक. तिथे तीन आहेत, उषाताई. एकाशेजारी एक, रांगेत.

आता खरा विनोद ऐका. आमच्या वर्गाच्या बाईंनी त्या साडीचा एक धागा काडीवर जाळला. नकली रेशीम वितळून त्याची घट्ट गोळी होते. हा धागा केस जळल्यासारखा वास मारत जळला आणि राख बोटांत भुगा झाली. अस्सल रेशीम आहे. तीन घरांतल्या बायकांनी अस्सल रेशीम आहेराचं म्हणून नकली समजून पुढे ढकललं, घडीसुद्धा न मोडता, आणि चौथीनं ते गोधडीला काढलं. त्याला पहिल्यांदा पाणी दाखवलंत ते तुम्ही, तेही सोड्याचं. बाई म्हणाल्या, रेशीम गार पाण्यात रिठ्यानं धुवायचं असतं. त्यांनी तो पापड पाहिला आणि वर्गाला सुट्टी दिली. पुष्पाबाईंना साडीचा खरेपणा कळल्यापासून त्यांचे मला दोन फोन आले आहेत. उरलेला भाग कुठे आहे, असं त्या सहज विचारत होत्या.

सरकण्यावरही उपाय निघाला. प्रत्येक रेशमी तुकड्याला मागून मलमल लावायची, खळ देऊन मग कापायचं. त्यानं तुकडे जागेवर राहतात, जोडही सरळ आला. पण तुम्ही पाठवलेल्या पोटावर तो वरचा भाग पसरून मी दोरे घालायला बसले, आणि एका बाजूनं टाके घालत गेले तशी दुसऱ्या बाजूला कापडाची लाट तयार झाली. दोनदा उसवलं. सुती गोधडी एकटी बाई शिवू शकते. रेशमाला समोरून दुसरा हात लागतो.

हे सगळं मी लांबवते आहे, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही. काल डॉक्टरांनी नंदिनीचा रक्तदाब पाहिला. वाढला आहे, पायांवर सूज आहे. प्रवास बंद सांगितला. परतूरलाही नाही. घरी आल्यावर तिनं, तुम्ही डोहाळजेवणाला आणलेला धपाट्यांचा डबा उघडला, आणि रिकामा होता तरी बराच वेळ उघडा ठेवून बसली.

मी जिंकले असं कृपया समजू नका. इकडे या. गोधडीला दुसरा हात हवा आहे, आणि तिलाही. बाटली आणायची तर आणा.

लोभ असू द्या, एवढंच.

आपली,
कल्याणी


परतूर
१० डिसेंबर २०२४

सौ. कल्याणीताईंना,
उषाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे उठले, चुना दिलेल्या खोलीत जाऊन आले न् म्हणाले, सरकी ठेवायला जागा झाली. एवढंच बोलले. मंग रात्री भाकरी अर्धी टाकली.

डॉक्टर म्हणतील ते बराबर. लेकीच्या जिवापुढं रीत कसली. पण एक रीत मला सोडता येत न्हाई, ती आता सांगतेच, कारण तुम्ही दोन वर्षं भलताच अर्थ धरून बसलात.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं पाणी पीत न्हाईत. माझ्या बापानं माझ्या घरी बांधावरच्या झाडाखाली बसून आपल्याच तांब्यातलं पाणी प्यालं, उन्हाळ्यात, मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं हे जगाला ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक न्हाई हे मला ठाऊक न्हवतं. फिल्टरवर माझा काही राग न्हाई. लग्नाचाही न्हवता; होता तो पहिल्या सहा महिन्यांत खर्चून टाकला. ही रीत कुणी काढली कोण जाणे. जावयाच्या घरी महिना-महिना मुक्काम ठोकणाऱ्या एखाद्या सासऱ्याला घाबरून काढली असेल. पण मी ती मोडली न् बाळाला काही झालं तर जन्मभर मला त्या घोटाची आठवण राहील. खुळेपणा म्हणा. मी पण म्हणते, फक्त मोडत न्हाई.

साडीबद्दल काय लिहू? वन्संनी मला दिली तेव्हा मला वाटलं होतं की ही त्यांची नावडती असणार, म्हणूनच माझ्या वाट्याला आली. मी बरोबर ओळखलं होतं न् चुकीचं केलं होतं. आता आपण दोघी एका पंगतीला बसलो, न् वन्सं वाढायला. तो तीन बोटांचा कोपरा मात्र गोधडीत घ्या. कापून टाकू नका.

सोमवारपासून सोमेश्वरच्या गाडीनं येते, संध्याकाळी परत जाईन. भाकरी, पाणी माझं. सुई तुमची.

लोभाचं आता समोरासमोर बघू.

आपली,
उषा


मस्तगड, जालना
८ जानेवारी २०२५

सौ. उषाताई यांना,
कल्याणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवसभर गोधडीच्या दोन टोकांना समोरासमोर बसून झाल्यावर संध्याकाळी पत्र लिहायचं म्हणजे वेड आहे. पण तोंडावर जे बोलता येत नाही ते सोमेश्वरच्या डब्यातून बरं जातं.

तक्रार पहिली. रोज सकाळी मी दोन कप चहा करते. एक कप तुमच्यासमोर गार होतो आणि मग ह्यांना प्यावा लागतो. ह्यांची साखर वाढली आहे. डॉक्टरांनी कारण विचारलं तर ह्यांनी सांगितलं, विहीणबाई.

दुसरी. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि आपण येता स्वतःचं पाणी घेऊन. शेजारच्या बेबीनंदाताई रोज दारातून तुमची बाटली बघतात. काल मला म्हणाल्या की अशी विहीण नशिबानं मिळते, त्यांच्या विहिणीला तर आंघोळीला दोन बादल्या लागतात. मी तुमच्या रीतीचा खुलासा केला नाही. गल्लीत माझी किंमत वाढली आहे.

तिसरी गोधडीची. तुमचे टाके तांदळाएवढे, माझे तिळाएवढे. तुम्ही म्हणता माझ्या टाक्यांनी कापड गुदमरतं, मी म्हणते तुमच्या टाक्यांत बाळाचा अंगठा अडकेल. जिथे दोन्ही बाजू मधोमध भेटल्या तिथे एक चुणी राहिली आहे. आज तुम्ही गेल्यावर मी नंदिनीला विचारलं, उसवू का. तिनं गोधडी पोटावर ओढून घेतली आणि म्हणाली, आता दोघींनीही हात लावू नका. तेव्हा आपलं काम बहुधा संपलं.

सूज उतरत नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टर काय ते ठरवतील. ऑपरेशन करून लवकर सोडवावं लागेल असं बोलले आहेत. शौनक नेटवर वाचत बसतो आणि प्रत्येक पानावर निराळा घाबरतो. मी त्याला रागावते, मग देवापाशी जाऊन मीही तेच करते. हे तुम्हाला आजच सांगायचं होतं, पण तुम्ही सुईत दोरा ओवत होता आणि तिसऱ्यांदाही तो सुईच्या शेजारून गेला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवशी मी पत्र पाठवणार नाही, फोन करेन. आणि तो निसटणार नाही.

आपली,
कल्याणी


परतूर
२३ जानेवारी २०२५

सौ. कल्याणीताईंना,
उषाचा स. न. वि. वि.

परवा दुपारी तुमचा फोन आला तेव्हा मी कापसाच्या गंजीपाशी होते. तुम्ही मुलगी झाली म्हणालात, दोघी बऱ्या आहेत म्हणालात, न् मंग दोन्हीकडून नुसतं मुसमुसणं चालू होतं. आपल्या फोनमध्ये पहिल्यांदाच शब्दाला शब्द लागला न्हाई. आमचे हे बाजूला उभे राहून विचारून राह्यले, कट झाला का, कट झाला का.

दवाखान्यात पोचले तर पोरगी गोधडीत होती. जांभळा तुकडा तिच्या गालाखाली. तुम्ही म्हणालात, बघा, रेशीम. मी म्हटलं, बघा, झोप सुताला लागली आहे. नर्स म्हणाली की बाळ तीन दिवसांत घरी जाईल, तोवर तुम्ही दोघी बाहेर बसा. आपल्या दोघींचं इतकं सोपं निदान कुणी केलं न्हवतं.

पायथ्याचा तीन बोटांचा कोपरा मी उलटून बघितला. तिथं चौथं बोट आहे, ताजं. तुम्ही लावलंत हे मला कळलं, पण मी विचारलं न्हाई न् तुम्ही सांगितलं न्हाई. निदान या वेळी साडी योग्य माणसाला गेली. ही पोरगी ती पुढं ढकलणार न्हाई. आत्ताच मुठीत धरून ठेवली आहे. चुणी राहू द्या. ती सारखी करायची तर पुन्हा महिनाभर समोरासमोर बसावं लागेल, न् जगन्नाथरावांची साखर मला सोसवत न्हाई.

उरलेल्या साडीचं पुष्पावन्सं मलाही विचारून गेल्या. मी म्हटलं, कल्याणीताईंकडं आहे. तुम्ही म्हणा, उषाताईंकडं आहे. चार-दोन वर्षं अशीच फिरू द्या, तिला सवय आहे. सोड्यातला पापड मात्र वन्संना द्यायला माझी हरकत न्हाई, कुंकू लावून.

उद्या राजनंदिनी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येते, म्हणजे तुमच्या घरी. मी सकाळच्या गाडीनं येते. डिंकाचे लाडू आज वळून होतात, अळीव घेतले, बाजरीचं पीठ घेतलं. हे पण येणार म्हणतात. नवी सुंभं आवळलेली बाज टेम्पोत घालून आणायचा त्यांचा विचार आहे. तुमच्या जिन्यातून ती वर जाते का ते शौनकरावांना मोजून ठेवायला सांगा.

बाटली आणत न्हाई.

मला चहात साखर कमी लागते, हे तुम्हाला आजवर कळायला मार्ग न्हवता म्हणून लिहिते. पण आधी पाणी. राजनंदिनी सांगत होती की तुमच्या नळाचा वार उद्याचाच आहे. माठ भरून ठेवा, ताई. दोन वर्षांची तहान घेऊन येते.

आपली विहीण,
उषा